दोनशे लिटरचा डीप फ्रीझर, सहा माणसं आणि मराठवाड्याचा उन्हाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरजवळ राहणारं सहा माणसांचं कुटुंब, नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरात नुकताच २०० लिटरचा डीप फ्रीझर आलाय, आणि दिवसातून दोन-तीन तास वीज जाते. महिन्याभराच्या भाज्या-आमट्या एकदम करून ठेवता येतील का? हंगामात स्वस्त मिळणारा माल वर्षभर कसा टिकवायचा?

टिकवता येतो. पण महिन्याभराच्या तयार भाज्या करून फ्रीझर भरू नका. स्वयंपाकातला वेळखाऊ भाग तेवढा गोठवा: सोललेले दाणे, शिजवलेली डाळ-कडधान्यं, भाजलेलं वाटण, घोटलेलं पुरण. फोडणी, भात, भाकरी हे रोजच्या रोज. एकतर आपल्या बहुतेक कालवणांची चव फोडणीत असते आणि गोठवलेली फोडणी मरगळते. दुसरं, घरगुती फ्रीझर एका दिवसात जेवढं गोठवू शकतो त्याला मर्यादा आहे, आणि ती बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी आहे. आधी त्याचंच बोलू.

यंत्र किती काम करू शकतं

२०० लिटरमध्ये चपटी पाकिटं नीट रचली तर ७०-८० किलो माल बसतो. याचा अर्थ रविवारी ४० किलो आणून एकदम आत टाकता येतो असा नाही. उणे १८ अंशांवर असलेला माल तसाच सांभाळायला यंत्राला कमी ताकद लागते. ताजा माल गोठवायला खूप लागते. या आकाराच्या फ्रीझरमध्ये २४ तासांत सात-आठ किलो ताजा माल घालावा, एप्रिल-मेमध्ये पाच-सहा किलोच. त्याहून जास्त घातला तर नव्या मालाचं गोठणं लांबतंच, शिवाय शेजारचा आधी गोठलेला मालही मऊ पडतो.

गोठणं लांबलं की काय बिघडतं? ० ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात भाजीतल्या बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा पट्टा झपाट्याने ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळला तर कण मोठे होतात, पेशींच्या भिंती फोडतात, आणि वितळल्यावर वाटाणा गिळगिळीत होतो, मटणातून लालसर पाणी सुटतं. 'फ्रीझरमधलं बेचव लागतं' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून पहिला नियम: गरम किंवा कोमट काहीही थेट फ्रीझरमध्ये नाही. ४० अंशांच्या आमटीतून जेवढी उष्णता यंत्राला उपसावी लागते, त्यापेक्षा आधी साध्या फ्रिजमध्ये ५ अंशांपर्यंत आणलेल्या आमटीतून साधारण पाव हिश्शाने कमी उपसावी लागते. हे काम साध्या फ्रिजकडून करून घ्यायचं.

दुसरा नियम जाडीचा. जाडी दुप्पट झाली की गोठायला चौपटीच्या आसपास वेळ लागतो. एक किलो डाळ गोल डब्यात घातली तर मध्यभाग गोठायला आख्खा दिवस जातो. तीच डाळ झिप पिशवीत अडीच-तीन सेंटिमीटर जाडीची चपटी करून ठेवली तर चार-सहा तासांत दगड होते. पेटीसारख्या फ्रीझरमध्ये थंडाव्याच्या नळ्या भिंतींत असतात, म्हणून नवी पाकिटं पहिल्या दिवशी भिंतीला टेकवून उभी ठेवा, एकावर एक नको. गोठल्यावर वह्यांसारखी रचा.

कंपनीच्या पाटीवर 'क्लायमेट क्लास' लिहिलेला असतो, तो बघून घ्या. 'टी' म्हणजे खोलीचं तापमान ४३ अंशांपर्यंत असताना चालेल असं यंत्र, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत, 'एन' म्हणजे ३२ पर्यंत. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेर ४२-४४ अंश असतात आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. 'टी' वर्गाचं यंत्रसुद्धा पत्र्याखाली ठेवलं तर दुपारभर कॉम्प्रेसर थांबतच नाही. स्लॅबखालची, पश्चिमेचं ऊन न येणारी खोली निवडा. भिंतीपासून १५ सेंटिमीटर जागा सोडा आणि चालू असताना अंगावर गोधडी किंवा कव्हर टाकू नका. बऱ्याच यंत्रांत भिंतीच्या आतून थंडाव्याच्या नळ्या जातात तशा बाहेरच्या बाजूने उष्णता बाहेर टाकणाऱ्याही जातात. भिंत बाहेरून गरम लागणं हा बिघाड नव्हे.

बाजारात मिळणारे बरेच डीप फ्रीझर 'कन्व्हर्टेबल' असतात, म्हणजे कूलर म्हणूनही चालतात. बटण चुकून कूलरवर राहिलं तर आतला माल चार-पाच अंशांवर सडतो आणि बाहेरून काही कळत नाही. आत एक साधा थर्मामीटर ठेवा आणि उणे १८ दिसल्याशिवाय माल भरू नका. आइस्क्रीमच्या दुकानातला काचेच्या झाकणाचा जुना फ्रीझर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, त्याच्या काचेतून उष्णता आत येत राहते. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तर बहुधा उणे १८ पर्यंत जातच नाही. त्यात आठ-दहा दिवसांपलीकडे काही ठेवायचं नाही.

हंगामी दाणे: इथे फ्रीझर पैसे वसूल करतो

डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ मराठवाड्यात फ्रीझर भरण्याचा. वाटाणा, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, हुरडा, सगळं याच तीन महिन्यांत येतं. हवा थंड, टाकीतलं पाणीही थंड, त्यामुळे कामही सोपं.

दहा किलो वाटाण्याच्या शेंगांतून साडेचार-पाच किलो दाणे निघतात, म्हणजे फ्रीझरच्या एका दिवसाच्या वाट्यात आरामात बसतील एवढे. तेवढाच आणा. शेंग तोडल्यापासून साखरेचा स्टार्च व्हायला सुरुवात होते, म्हणून रात्री सोलून सकाळी उकळायचं हे गणित चुकीचं. सोललं की त्याच बैठकीला उकळून आत जायला हवं.

उकळायचं कशासाठी? गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि भाजीतली एन्झाइम्स (तिचा रंग-चव बदलणारी तिच्यातलीच द्रव्यं) तर पूर्ण थांबतही नाहीत. न उकळता गोठवलेला वाटाणा दोन महिन्यांत पिवळट पडतो आणि त्याला वाळल्या गवतासारखा वास येतो. एन्झाइम मोडायला थोडा वेळ उकळतं पाणी पुरतं, पण तो वेळ मोजून द्यावा लागतो. चार लिटर खळखळत्या पाण्यात एका वेळी अर्धा किलो दाणे मलमलच्या फडक्यात बांधून सोडायचे. पाण्याला मिनिटभरात पुन्हा उकळी आली पाहिजे. आली नाही तर दाणे जास्त झाले. उकळी परत आल्यावर वेळ मोजायचा: वाटाणा दीड मिनिट, सोलाणे दीड ते दोन, तुरीचे ओले दाणे दोन, गाजराचे तुकडे दोन, फ्लॉवर आणि गवार तीन, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे तीन, भेंडी बारीक असेल तर तीन आणि मोठी असेल तर चार मिनिटं. कमी उकळणं हे न उकळण्यापेक्षा वाईट, कारण अर्धवट उष्णतेने एन्झाइम उलट चेकाळतात. जास्त उकळलं तर दाणा फुटतो.

लगेच बर्फाच्या पाण्यात, जेवढा वेळ उकळलं तेवढाच वेळ. यासाठी बर्फ विकत आणायची गरज नाही. आदल्या रात्री दोन लिटरच्या दोन-तीन बाटल्या तीन-चतुर्थांश भरून गोठवा आणि बादलीत बुडवा. काम झालं की धुऊन परत फ्रीझरमध्ये.

मग येतो सगळ्यात दुर्लक्षित टप्पा, कोरडं करणं. सुती कापडावर पसरून, पंख्याखाली, हाताला ओल लागणार नाही इतपत. ओला वाटाणा गोठला की त्याची एकच वीट होते आणि मग रोज कणभर काढायला अख्खी वीट आपटत बसावं लागतं. कोरडे दाणे ताटात एकेरी थरात तास-दोन तास गोठवा, सुटे झाले की पिशवीत भरा. असा वाटाणा आठ-दहा महिने चांगला राहतो.

लातूर-धाराशिवकडे येळवसला (वेळ अमावस्येला) जी भज्जी होते, तिच्यासाठी तुरीचे दाणे, सोलाणे, वाटाणा, वाल, गाजर असं सगळं मिसळून ५००-६०० ग्रॅमची पाकिटं करून ठेवणं हा उत्तम उद्योग. मार्च-एप्रिलमध्येही तशी भज्जी करता येते. पण तयार भज्जी गोठवू नका. बेसन लावून शिजवलेलं काहीही, म्हणजे भज्जी, पिठलं, झुणका, वितळल्यावर पाणी सोडतं आणि रवाळ होतं. तेच कढीचं.

हुरड्याला वेगळी पद्धत. गूळभेंडी असो की परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी वसंत' वाण, दाणा दुधाळ-हिरवा असतानाच घ्यावा लागतो आणि तोडल्यावर काही तासांत गोडी उतरायला लागते. आगटीत भाजून, चोळून, पाखडून झाला की पूर्ण गार करून ताटात सुटा गोठवायचा. भाजणं शक्य नसेल तर निवडलेला कच्चा दाणा चाळणीत तीन मिनिटं वाफवा. खाताना गोठलेलाच जाड तव्यावर परतायचा. वितळू दिला तर चिकट होतो. पाकिटं २०० ग्रॅमची, कारण एकदा उघडलेला हुरडा उरला की त्याचं पुढे काही होत नाही.

पालेभाज्यांत अंबाडी पहिल्या नंबरावर. निसून, शिजवून, आंबट पाणी पिळून टाकून, घोटून २५० ग्रॅमची पाकिटं करा, चार-सहा महिने हलत नाही. पालकही असाच. मेथी दीड-दोन मिनिटं उकळून, पिळून, मुठीएवढे गोळे करून ठेवता येते, पण ती वरणात, पराठ्यात, धपाट्यात घालायची. तिची कोरडी भाजी होत नाही, चोथा लागतो. वांगी कच्ची नको, भाजून सोलून कुस्करलेला गर ठेवा. हिरवी मिरची देठ काढून, पुसून, तशीच ठेवली तरी सहा महिने जाते. आलं अख्खं गोठवा आणि गोठलेलंच किसा. लिंबू स्वस्त असताना रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये घाला. साधारण एक मोठा चमचा मावेल असे खण असतील तर उन्हाळ्यात मोजायला बरं. टोमॅटो अख्खे गोठवले तर साल आपोआप सुटते, मात्र ते फक्त रश्शालाच. बटाटा, काकडी, दुधी, कोशिंबिरीचं काहीही, यांना फ्रीझर दाखवू नका. कांदा चाळीत महिनोन्महिने राहतो, त्याला इथली जागा कशाला?

आमरस आणि सीताफळ

मराठवाड्यातला केशर मेअखेरीस आणि जूनमध्ये हातात येतो, आणि बरोबर तेव्हाच यंत्रावर उन्हाचा सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून रस टप्प्याटप्प्याने घाला, एका दिवशी पाच किलोच्या वर नको. चार किलो आंब्यांतून दोन किलोच्या आसपास रस निघतो. पाणी किंवा दूध घालू नका, ते खाताना. किलोला दोन-तीन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घातला तर रंग टिकतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून डबा भरताना वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा. काचेची बरणी वापरू नका, तडकते. पिशवी असेल तर जागा सोडायची गरज नाही, हवा काढून चपटी करा. हवा काढायला पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती पाण्याच्या पातेल्यात तोंडापर्यंत हळूहळू बुडवायची. पाण्याच्या दाबाने हवा वर निघून जाते, मग झिप लावायची. वर्षभराचा माल यातून जातो, तेव्हा पिशव्या जाड घ्या. पातळ कॅरीबॅगमधून ओल उडून जाते आणि मालावर पांढरे कोरडे चट्टे पडतात. ते खायला धोक्याचे नसतात, पण चव गेलेली असते.

सीताफळाची अडचण वेगळी. बालाघाटच्या रांगांतलं, बीड-धारूरकडचं सीताफळ ऑगस्टच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत येतं आणि पिकलं की दोन दिवसांत हातातून जातं. त्याचा गर आटवावा, उकळावा असा मोह होतो, तो आवरा. साधारण ५५-६० अंशांच्या वर तापवला की गर कडवट होतो आणि ती कडू चव साखरेनेही जात नाही. बिया काढताना मिक्सर वापरू नका, बी फुटली की पुन्हा कडूपणा. जाळीच्या चाळणीवर लाकडी चमच्याने हलक्या हाताने घासा. गर हवेला लागला की काळा-गुलाबी पडतो, म्हणून सालीला चिकटलेला भाग सोडून द्या, किलोमागे दोन चमचे लिंबाचा रस आणि १०० ग्रॅम साखर घाला, आणि अर्ध्या तासाच्या आत गोठवायला लावा. पाकीट २५० ग्रॅमचं. वितळवायचं फ्रिजमध्येच आणि त्याच दिवशी संपवायचं. रबडीत घालायचं तर रबडी पूर्ण गार झाल्यावर.

रोजच्या जेवणाचा अर्धा भाग

आता नोकरीवाल्या घराचं खरं काम. तूरडाळ एक किलो, हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला घट्ट शिजवली की तीन किलोच्या वर होते. हिंग, मीठ, फोडणी काही नाही. सहा माणसांच्या एका वेळेला ५५०-६०० ग्रॅमचं पाकीट पुरतं, म्हणजे किलोभर डाळीत पाच-सहा वेळा. वापरताना पातेल्यात पाऊण लिटर पाणी उकळायचं, गोठलेली डाळ त्यातच सोडायची आणि वरून फोडणी. वीस मिनिटांत वरण ताटात.

छोले, राजमा, चवळी, मटकी यांचंही तसंच. कोरडे २५० ग्रॅम छोले शिजून साधारण ६०० ग्रॅम होतात आणि तेवढे सहा जणांना एकदा पुरतात. शिजवलेलं पाणी फेकू नका. दाणे त्यात बुडलेले असले तर सुकत नाहीत. मटकी मात्र थोडी कच्चट असतानाच काढा, नाहीतर परत गरम करताना पीठ होते.

वाटण हा सगळ्यात मोठा वेळ वाचवणारा प्रकार. तीन किलो कांदा, दोन किलो टोमॅटो, पाव किलो आलं-लसूण, तीनशे मिलिलिटर तेल, मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतलं की अडीच किलोच्या आसपास उरतं. २०० ग्रॅमचा एक भाग म्हणजे एका भाजीचा रस्सा, असे बारा भाग. यात मीठ, लवंग, मिरी, गरम मसाला घालू नका. फ्रीझरमध्ये लवंग-मिरी कडवट व्हायला लागतात आणि मीठाची चव मंदावते, मग वरून पुन्हा घातलं जातं आणि अंदाज चुकतो. खोबऱ्याचं काळं वाटणही ठेवता येतं, पण खोबऱ्याच्या तेलाला खवट वास लागतो म्हणून दोन महिन्यांच्या आत संपवा. येसर, काळा मसाला, चटण्या यांना फ्रीझर लागत नाही. लाल तिखटाचा वर्षभराचा साठा मात्र ठेवायला हरकत नाही, रंग छान राहतो.

पुरण तर फ्रीझरसाठीच बनलंय असं वाटावं. एक किलो हरभराडाळ आणि एक किलो गूळ यांचं पावणेतीन-तीन किलो पुरण होतं, ६५ ग्रॅमचा गोळा धरला तर चाळीसच्या वर पोळ्या. महालक्ष्म्यांच्या आधी पंधरा दिवस करून ठेवलं तर त्या दिवशीची निम्मी धावपळ वाचते. गुळामुळे ते दगडासारखं कडक होत नाही, थोडं मऊच राहतं. बिघडलं समजून टाकू नका. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, आणि सकाळी सैल वाटलं तर कढईत दोन मिनिटं परता.

चपात्या अर्ध्या भाजून, गार करून, मधे बटर पेपर घालून पंधराच्या गड्ड्या ठेवल्या तर महिनाभर चांगल्या राहतात. गोठलेल्याच गरम तव्यावर टाकायच्या. ज्वारीची भाकरी ठेवू नका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गोठून वितळली की तिचा भुगा होतो. धपाटे मधलेच: ज्वारीबरोबर गव्हाचं पीठ असेल तर जमतात. चकोल्या, साबुदाण्याची खिचडी, बटाटा घातलेली कुठलीही रस्साभाजी यांचा नाद सोडा. बटाटा वितळल्यावर स्पंजासारखा होतो.

गार करण्याबद्दल कडक राहा. शिजवलेलं अन्न ६० ते ५ अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास ही मर्यादा धरायची. मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी पाकिटं भरणं हा पोट बिघडवण्याचा हमखास मार्ग. पातेल्यातलं अन्न दोन-तीन परातींत पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरा, परातींखाली थंड पाणी, वर पंखा, मधे मधे ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागलं की फ्रिजमध्ये, तिथून फ्रीझरमध्ये. भात ठेवायचाच असेल तर याच नियमाने आणि लगेच. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात ते वेगाने वाढतात.

मटण, चिकन

मटण सकाळी ताजं कापलेलं आणलं तर लगेच गोठवू नका. कापल्यानंतर स्नायू ताठरतात, त्या अवस्थेत गोठवलेलं मटण शिजायला चिवट जातं. आधी फ्रिजमध्ये १२ ते २४ तास झाकून ठेवा, मग गोठवा. धुतलं तर पूर्ण निथळून, पुसून. हळद, आलं-लसूण लावून ठेवायला हरकत नाही, मीठ मात्र लावू नका. मीठाने चरबी लवकर खवट होते. किलोचं चपटं पाकीट, कच्चं मटण सहा ते नऊ महिने, चिकनचे तुकडे तितकेच, खिमा तीन-चार महिने, शिजवलेला रस्सा किंवा कलिया दोन-तीन महिने. जायकवाडीकडची रोहू-कटला मिळाली तर तुकडे करून दोन-तीन महिन्यांत संपवा. कच्चं मांस नेहमी तळाला, शिजवलेलं वरच्या जाळीत.

वितळवायचं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, किलोच्या पाकिटाला रात्र आणि थोडी सकाळ. ओट्यावर ठेवलं तर बाहेरचा थर तासाभरात कोमट होतो आणि आत बर्फ तसाच. घाई असेल तर पिशवी बंद ठेवून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला.

कोरडा माल, दूध

शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस यांना उन्हाळ्यात खवट वास येतो. जेवढं फ्रीझरमध्ये मावेल तेवढं ठेवा, वर्षभर चव तशीच राहते. रवा, बेसन, मैदा यांना मृगाआधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून काढलं तर किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि बुरशी लागते. खवा (भूम-कुंथलगिरीकडचा असेल तर सोन्याहून पिवळं) पाव-पाव किलोचे गोळे घट्ट गुंडाळून दोन महिने. रोजची साय डब्यात साठवत जा, पंधरा-वीस दिवसांनी एकदम विरजण लावून तूप कढवा. दही, उकडलेली अंडी नकोत.

वीज गेल्यावर

दोन-तीन तास वीज गेली तर झाकण उघडू नका, एवढंच करायचं. पूर्ण भरलेला पेटी-फ्रीझर साधारण हवेत दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस माल गोठलेला ठेवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र ३० तास आणि १५ तास असंच धरा. वीज नसताना वरून गोधडी टाकायला हरकत नाही, आल्यावर लगेच काढा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. त्यातल्या काही बाटल्यांत ९०० मिलिलिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ घाला. साधा बर्फ ० अंशावर वितळतो, तोवर माल मऊ झालेला असतो. मिठाचा बर्फ उणे ६-७ अंशांच्या खालीच वितळत जातो आणि तेवढा काळ मालाला थंड धरून ठेवतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'मीठ' लिहा, पाहुण्यांना प्यायला देऊ नका.

खेडेगावात वीज येताना दाब कमी-जास्त होतो, म्हणून स्टॅबिलायझर हवाच, आणि तो तीन-पाच मिनिटं थांबून वीज सोडणारा असावा. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. लगेच चालू झाला तर मोटर जळू शकते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर फ्रीझर लावू नका, सुरू होताना तो चालू भाराच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. ताजा माल भरायची वेळ अशी निवडा की पुढचे आठ-दहा तास वीज राहण्याची खात्री असेल, बहुतेक गावांत ती रात्रीची. 'क्विक फ्रीझ' बटण असेल तर माल घालायच्या आदल्या रात्रीपासून चालू ठेवा.

गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. मधे बुडालं असेल तर माल काही काळ वितळला होता, तळाला असेल तर मांस आणि शिजवलेलं अन्न फेका. वीज आल्यावर वाटणात किंवा वाटाण्यात बर्फाचे कण अजून दिसत असतील आणि माल फ्रिजइतका थंड असेल तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, पोत थोडा जाईल. चिकन-मटण नुसतं गार आहे पण बर्फ दिसत नाही, थर्मामीटरही नाही, तर धोका पत्करू नका.

पाकिटावर कागदी चिकटपट्टी आणि मार्कर: काय, किती जणांचं, कुठल्या महिन्यातलं. ओल्या पिशवीवर मार्कर उठत नाही, म्हणून भरायच्या आधी लिहा. झाकणावर एक यादी लावा आणि काढलेलं पाकीट लगेच खोडा. पेटीच्या तळाशी दोन वर्षांपूर्वीचा वाटाणा सापडतो तो यादी नसलेल्या घरात.

भिंतीवर पाच-सहा मिलिमीटर बर्फ जमला की काढायची वेळ झाली, कारण तो बर्फच थंडावा अडवतो. वाटाणा संपत आलेला आणि आंबा अजून आलेला नसतो असा एप्रिलचा पहिला पंधरवडा सोयीचा. उरलेला माल गोधडीत गुंडाळा, प्लग काढा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावा. अर्ध्या तासात पापुद्रे सुटतात. सुरी किंवा उलथणं लावू नका. भिंतीतली नळी फुटली तर गॅस जातो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. झाकणाच्या रबरात दहाची नोट धरून झाकण लावा आणि ओढून बघा. सहज निसटली तर रबर बदला, नाहीतर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बर्फ खरवडत बसावं लागेल.